हिंदीवर पास, मराठीवर नापास

"हिंदीत टेस्ट केलंय ना, मग देवनागरीचं काम झालं." माझ्या कामात हे वाक्य सारखं कानावर पडतं. म्हणणारा प्रामाणिकपणे म्हणत असतो. लिपी एक, फॉन्ट एक, कीबोर्डही जवळपास तसाच. हिंदीत अक्षरं नीट दिसली, बटणाबाहेर गेली नाहीत, की मराठीवर बरोबरची खूण मारून मोकळं व्हायचं.

मी मोबाइल ॲप्स तपासते. दुसऱ्यांनी बनवलेलं मोडून दाखवायचं आणि ते कसं मोडलं हे नीट लिहून द्यायचं, एवढंच माझं काम. माझा स्वतःचा फोन मराठीत असतो. त्यामागे अस्मिता वगैरे काही नाही. वाचायला मला तेच सोपं जातं. पण त्यामुळे घडतं असं, की सगळ्या टीमला जे बग, म्हणजे ॲपमधल्या चुका, दिसत नाहीत ते मला काही न करता, येता-जाता दिसतात. त्यातले बरेचसे हिंदीत मुळी येतच नाहीत. आज लिहायचंय ते याबद्दल.

आधी थोडं पायाभूत, कंटाळा येऊ देऊ नका. फोनमध्ये आपण 'मराठी' निवडतो तेव्हा फक्त बटणांवरचे शब्द बदलत नाहीत. फोन एक लोकेल निवडतो: भाषा मराठी, प्रदेश भारत. त्या लोकेलच्या नावावर एक भलंमोठं टाचण असतं. आकडे कुठले वापरायचे, स्वल्पविराम कुठे द्यायचे, तारीख कशी लिहायची, महिन्यांची छोटी रूपं कोणती, आठवडा कधी सुरू होतो, नावं कुठल्या क्रमाने लावायची, हे सगळं त्यात असतं. हे टाचण फोन बनवणारी कंपनी स्वतः लिहीत नाही. संगणकावर सगळ्या लिपी कशा लिहायच्या हे ठरवणाऱ्या युनिकोड कन्सॉर्शियम या संस्थेचा सीएलडीआर नावाचा सामायिक संग्रह आहे, त्यातून ते येतं. अँड्रॉइडही तिथूनच घेतो आणि आयफोनही. म्हणून वेगवेगळ्या कंपन्यांचे दोन फोन 'सप्टेंबर'चं 'सप्टें' मात्र सारखंच करतात.

आता गंमत. या संग्रहात हिंदीचे मूळ आकडे म्हणून इंग्रजी आकडे नोंदलेले आहेत आणि मराठीचे मूळ आकडे म्हणून देवनागरी. नेपाळीचेही देवनागरी, बंगालीचे बंगाली. म्हणजे हिंदीत ठेवलेला फोन तारखेतला पंधरा इंग्रजी आकड्यांत लिहितो आणि मराठीत ठेवलेला फोन '१५' लिहितो. लिपी तीच, वागणूक वेगळी. हिंदीवर कितीही दिवस ॲप चालवलं तरी देवनागरी आकडा एकदाही उमटत नाही. मराठीवर तो पहिल्याच मिनिटाला उमटतो.

उमटला तर बिघडलं कुठे? पडद्यावर उमटला तर काहीच नाही, उलट छानच. बिघडतं ते तो आकडा पडद्यामागे गेला की.

एका ॲपमधली गोष्ट सांगते. ॲपचं नाव सांगणार नाही आणि त्याने काही फरकही पडत नाही, कारण हे कुठल्याही ॲपमध्ये होऊ शकतं. तारीख निवडायची, किती जण आहेत ते सांगायचं आणि वेळ राखून ठेवायची, असा साधा फॉर्म होता. माझ्या फोनवर सगळं भरून बटण दाबलं की 'काहीतरी चुकलं, पुन्हा प्रयत्न करा'. हे वाक्य ज्याने शोधून काढलं त्याला एकदा भेटायची इच्छा आहे. पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा तेच. शेजारच्या फोनवर इंग्रजीत चालतंय. हिंदीत चालतंय. नेटवर्क ठीक, लॉगिन ठीक. मग फोन केबलला लावला आणि ॲप सर्व्हरला, म्हणजे पलीकडच्या संगणकाला, नेमकं काय पाठवतंय ते उघडून पाहिलं. इंग्रजी अक्षरांच्या त्या रांगेत मधेच ठळकपणे बसलं होतं: '२०२४-०३-१५'. आपल्या देवनागरीत. दिसायला इतकं सुंदर, की क्षणभर वाटलं सर्व्हरचंच चुकतंय.

झालं होतं असं. डेव्हलपरने तारखेचं मजकुरात रूपांतर करताना लोकेल सांगितलंच नव्हतं. सांगितलं नाही की जावा आणि कोटलिन या प्रोग्रॅमिंग भाषांमधल्या या सोयी फोनचं चालू लोकेल उचलतात. चालू लोकेल मराठी, म्हणून आकडे मराठी. सर्व्हरवर तारीख वाचणारा कोड फक्त इंग्रजी आकडे ओळखणारा. त्याने हात वर केले.

खरी मजा पुढे आहे. त्याच फॉर्ममधला माणसांचा आकडाही देवनागरीत जात होता आणि तो मात्र सर्व्हर बिनतक्रार स्वीकारत होता! कारण मजकुरातून पूर्णांक काढणारं जावाचं नेहमीचं फंक्शन युनिकोडमधला कुठल्याही लिपीतला अंक ओळखतं. पायथॉनही ओळखतो, त्याला '१२३' द्या, तो निमूट एकशे तेवीस मानतो. जावास्क्रिप्ट मात्र 'हा अंकच नव्हे' म्हणून मोकळी होते. म्हणजे एकाच फॉर्ममधल्या एका रकान्यातला मराठी आकडा चालतो, दुसऱ्यातला चालत नाही, आणि कुठला चालेल हे सर्व्हरवर कोणी कुठल्या भाषेत कोड लिहिलाय यावर ठरतं. असा बग 'कधी येतो, कधी येत नाही' या खात्यात जमा होतो आणि तिथेच कुजतो.

नियम खरं तर साधा आहे. माणसाला दाखवायचं असेल तर माणसाचं लोकेल, यंत्राला पाठवायचं असेल तर ठरावीक, कधीही न बदलणारं लोकेल. अँड्रॉइडच्या कोडमध्ये लोकेल न देता मजकूर घडवला तर अँड्रॉइड स्टुडिओ (कोड लिहायचं सॉफ्टवेअर) स्वतःहून पिवळी रेघ मारून सांगतो, की इथे न सांगता चालू लोकेल वापरलं जातंय आणि अशा जागी बग होतात. ॲपलनेही आपल्या डेव्हलपरांना फार पूर्वीपासून सांगून ठेवलंय, की ठरावीक साच्यातली तारीख वाचायची-लिहायची असेल तर त्यासाठी राखून ठेवलेलं पॉसिक्स लोकेल वापरा. पिवळ्या रेघा कोण वाचतं म्हणा. मी पाहिलेल्या प्रकल्पांत त्या शेकड्यांनी असतात आणि सगळ्यांना त्यांची सवय झालेली असते.

हे दुखणं फक्त आपलं आहे असंही नाही. तुर्की भाषेत बिनटिंबाचा आय आणि टिंबाचा आय ही दोन वेगळी अक्षरं आहेत. त्यामुळे तुर्की फोनवर छोट्या अक्षरांची मोठी अक्षरं केली की आयच्या डोक्यावर टिंब तसंच राहतं आणि कोडमधली तुलना फसते. थायलंडमध्ये बौद्ध पंचांग लावलेल्या फोनवर २०२४ हे साल २५६७ होतं आणि बेसावध ॲप तेच सर्व्हरला कळवून टाकतं. तुर्कीचं उदाहरण आता पाठ्यपुस्तकी झालंय, मुलाखतीतही विचारतात. मराठीचं कोणी विचारत नाही.

फाइलींच्या नावांतही हा आकडा शिरतो. फोटोच्या नावात तारीख घालणारी ॲप्स असतात ना, त्यांतल्या काहींनी माझ्या फोनवर अर्धं नाव इंग्रजी आणि पुढे देवनागरी तारीख अशा फाइली करून ठेवल्यात. फोनची भाषा मध्ये बदलली की त्याच फोल्डरात दोन जातींच्या फाइली होतात. मग नावाने क्रम लावला की नव्या-जुन्याचा पत्ता लागत नाही.

बरं, आकडे सोडा. नावांचा क्रम घ्या. युनिकोडमध्ये 'ज्ञ' हे स्वतंत्र अक्षर नाही. ज, हलन्त आणि ञ मिळून ते होतं. त्यामुळे इंग्रजीत ठेवलेल्या फोनवर 'ज्ञानेश्वर' हे नाव 'ज'च्या घरात सापडतं. मराठी लोकेलच्या टाचणात मात्र स्पष्ट लिहिलंय, की ह नंतर ळ, मग क्ष, मग ज्ञ, जसं आपण शाळेत म्हणत आलो तसं. मराठी फोनवर व्यवस्थित लिहिलेलं ॲप ज्ञानेश्वरला यादीच्या अगदी तळाशी नेतं. मला ते बरोबर वाटतं. पण ॲपने नावांचा क्रम स्वतःच्या पद्धतीने लावला असेल आणि बाजूची उडी मारायची अक्षरपट्टी फोनकडून घेतली असेल, तर पट्टीवर ज्ञ तळाला आणि नाव वर ज मध्ये. पट्टीवर ज्ञ दाबला की यादी भलतीकडे जाते. हा बग मी लिहून दिला तेव्हा विचारणा झाली, "पण ज्ञ तर ज मध्येच येतो ना?" आता यावर काय बोलणार.

शोधाचं दुखणं याहून जुनं. 'ॲ' हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली, ५.१ आवृत्तीत आलं. त्याआधी लोक अ टाइप करून त्यावर चंद्र चढवायचे, आणि अनेक कीबोर्ड आजही तसंच करतात. डोळ्यांना दोन्ही सारखी, यंत्राला दोन वेगळी. 'कुऱ्हाडे' या आडनावातला तो अर्धा र सुद्धा दोन प्रकारे लिहिता येतो: एक, र, हलन्त आणि न दिसणारा जोडक, दुसरा, नुक्त्याचा ऱ आणि हलन्त. वेगवेगळ्या प्रकारे लिहिलेलं एकच अक्षर एका रूपात आणायची युनिकोडची नेहमीची रीत, म्हणजे प्रमाणीकरण, या जोड्या एक करत नाही. एका फोनवरून साठवलेलं नाव दुसऱ्या कीबोर्डने शोधलं की 'काहीही सापडलं नाही'. हिंदीत हा अर्धा र लागतच नाही, मग हिंदीच्या चाचणीत तो येणार कुठून?

आणि मराठी वळणाचा ल आणि श. चांगल्या देवनागरी फॉन्टात दोन्ही वळणं असतात, मजकुराची भाषा मराठी आहे असं कळलं की फॉन्ट आपलं वळण काढतो. ॲपने भाषा कळवलीच नाही तर हिंदी वळण. यावर मी तिकीट, म्हणजे बगची लेखी तक्रार, टाकत नाही. कुठल्या लढाया लढायच्या हे ठरवावं लागतं.

अर्धवट पडद्यांचा प्रकार मात्र तुमच्यापैकी मराठीत फोन वापरणाऱ्या प्रत्येकाने पाहिला असेल. सगळं इंग्रजी आणि मधेच 'शोधा' नाहीतर 'रद्द करा'. लोक म्हणतात, भाषांतर अर्धंच केलंय. बहुतेक वेळा भाषांतर केलेलंच नसतं. अँड्रॉइड ५.० पासून, म्हणजे २०१४ पासून, मराठी ही प्रणालीची अधिकृत भाषा आहे, आणि गूगलच्या ज्या लायब्ररी, म्हणजे तयार कोडचे गठ्ठे, ॲपमध्ये जोडतात त्या आपापले थोडे मराठी शब्द सोबत आणतात. ॲपवाल्याने स्वतः एक अक्षर मराठीत लिहिलेलं नसतं, पण त्या चार उसन्या शब्दांमुळे फोनला वाटतं की हे ॲप मराठी जाणतं.

याचा एक उपपरिणाम चिडवणारा आहे. ७.० नूगापासून, २०१६ साली, अँड्रॉइडने एकाऐवजी भाषांची यादी ठेवायची सोय दिली. माझी यादी मराठी, हिंदी, इंग्रजी अशी समजा. ॲपमध्ये पूर्ण हिंदी आहे आणि मराठी नाही, तर फोनने हिंदी दाखवायला हवं. यादी त्याचसाठी असते. पण त्या उसन्या 'रद्द करा'मुळे फोन पहिल्याच पायरीवर थांबतो, ॲप 'मराठीत' उघडतो आणि न सापडलेला सगळा मजकूर ॲपच्या मूळ भाषेत, म्हणजे इंग्रजीत दाखवतो. चांगलं हिंदी भाषांतर तिथेच पडून राहतं. ॲप बांधताना 'आम्ही एवढ्याच भाषा देतो' अशी एक ओळ लिहिली की हे थांबतं. एक ओळ!

आता मराठी न वापरणाऱ्यांसाठी थोडं, कारण लोकेल फक्त आपल्यालाच चिकटलंय असं नाही. नवा फोन घेतल्यावर पहिल्या पडद्यावर 'इंग्लिश (युनायटेड स्टेट्स)' आधीच निवडलेलं असतं आणि बरेच जण पुढे जातात. तिथे ३/४ म्हणजे ४ मार्च. तापमान फॅरनहाइटमध्ये. बारा लाख चौतीस हजार लिहिताना स्वल्पविराम तीन-तीन अंकांवर. यादीत जरा खाली 'इंग्लिश (भारत)' असतं; ते निवडलं की ३/४ म्हणजे ३ एप्रिल होतो आणि लाख-कोटीचे स्वल्पविराम जागेवर येतात. भाषा तीच, प्रदेश बदलला. आयफोनमध्ये भाषा आणि प्रदेश ही दोन वेगळी खाती आहेत, म्हणून परदेशात राहणारा माणूस भाषा एक आणि प्रदेश दुसरा असं सरळ ठेवू शकतो. (याच प्रदेशाच्या रकान्यात सीएलडीआरने भारताची साप्ताहिक सुटी फक्त रविवारी लिहिलीय. शनिवार नाही. कॅलेंडरवाल्या टीमला हे दाखवलं तेव्हा पोरं खरोखर हिरमुसली.)

अलीकडे सोयी बऱ्याच वाढल्यात. आयफोनवर २०१९ च्या आयओएस १३ पासून आणि अँड्रॉइडवर २०२२ च्या १३ व्या आवृत्तीपासून प्रत्येक ॲपला वेगळी भाषा देता येते. मी हेच करते. फोन मराठी, जे ॲप आकड्यांवर अडखळतं तेवढं एक इंग्रजीत. त्या ॲपपुरतं लोकेलच बदलतं, त्यामुळे शब्दांबरोबर आकडेही इंग्रजी होतात आणि फॉर्म पुढे सरकतो. अँड्रॉइडवर अडचण एकच: ॲपने आपल्या भाषांची यादी जाहीर केलेली नसेल तर सेटिंगमध्ये ते ॲप दिसतच नाही. आणि ज्यांनी मराठीकडे बघितलेलं नाही त्यांनी ही यादी तरी कशाला जाहीर केलेली असेल?

अँड्रॉइड १४ मध्ये, २०२३ साली, भाषेच्या सेटिंगखाली प्रादेशिक प्राधान्यांचं वेगळं पान आलं. तापमानाचं एकक, आठवड्याचा पहिला दिवस आणि अंक. लोकेलच्या नावाला शेपटी जोडून 'भाषा मराठी, पण अंक इंग्रजी' असं सांगायची पद्धत मानकात आधीपासून आहेच. या पानामुळे अशी शेपटी साध्या माणसाला जोडता येते. फोनच्या कंपनीनुसार हे पान कुठेतरी आत दडलेलं असतं. तुमच्या फोनवर अंकांची निवड दिसत असेल, तर मराठी सोडून देण्याआधी एकदा तिथे जाऊन या. माझ्या ओळखीतल्या ज्यांनी ज्यांनी फोन पुन्हा इंग्रजीत नेला, त्यांतल्या कुणाचीही तक्रार 'मराठी शब्द कळत नाहीत' अशी नव्हती. कोड टाकला की चुकीचा म्हणतो, तारीख घेत नाही, फॉर्म पुढे जात नाही, अशाच तक्रारी. दोष आकड्यांचा आणि हकालपट्टी भाषेची.

त्या फॉर्मच्या बगचं पुढे काय झालं ते सांगायचं राहिलंच. तिकीट बंद झालं. शेरा असा होता, की मराठी लोकेलचे वापरकर्ते एकूण वापरात नगण्य आहेत, सबब दुरुस्ती नाही. आकडेवारी खोटी नव्हती. पण ती येते कुठून? ॲप उघडल्यावर फोनचं लोकेल नोंदलं जातं. मराठीत फोन ठेवणारा माणूस येतो, फॉर्म दोनदा नाकारला जातो, तो वैतागतो. मग एकतर ॲप काढून टाकतो किंवा फोन इंग्रजीत नेतो. दोन्हीकडे तो मराठीच्या रकान्यातून पुसला जातो आणि दुसऱ्या प्रकारात इंग्रजीच्या रकान्यात वर एक मिळतो. बगच गिऱ्हाइकं हाकलतो आणि मग गिऱ्हाइकं नाहीत म्हणून बग राहतो. हे मी बैठकीत सांगितलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. तिकीट बंदच राहिलं.

मग मी वाट बदलली. मराठीचं नावच काढलं नाही. तोच फॉर्म बंगालीत चालवला, मोडला. नेपाळीत चालवला, मोडला. फारसीत मोडला. इजिप्तच्या अरबीत मोडला. प्रत्येकाचा व्हिडिओ जोडला, प्रत्येकात सर्व्हरकडे गेलेली ती तारीख त्या त्या आकड्यांत ठळक केली आणि नवं तिकीट टाकलं: 'स्थानिक अंक असलेल्या सर्व लोकेलमध्ये वेळ राखून ठेवता येत नाही'. मराठी यादीत चौथ्या क्रमांकावर, कुणाच्या डोळ्यात भरू नये अशी. कंपनीला पश्चिम आशियात जायचंय हे मला ठाऊक होतं. दुरुस्ती पुढच्याच आवृत्तीत आली, जेमतेम दोन ओळींची.

परवा त्याच टीमकडून नवीन ॲप तपासायला आलंय. चाचणीच्या भाषांच्या रकान्यात लिहिलंय: इंग्रजी, हिंदी, अरबी. मी खाली मराठी जोडलंय, बघू कोण खोडतं ते.